नावं घोकू नकोस, उलगडून बघ

सुरुवातीलाच प्राण्या-वनस्पतींची पन्नास लॅटिन नावं पाठ करत बसू नकोस, आठवड्यात विसरशील. एकच नाव नीट सोडवून बघ. वाघ घे: पँथेरा टायग्रिस. पहिला शब्द प्रजातीचा (जीनस), दोन्ही मिळून जात (स्पीशीज). (वर्तमानपत्रं जातीलाच सर्रास प्रजाती म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नकोस.) रोमनमध्ये लिहिताना पहिल्या शब्दाचं आद्याक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान, वहीत दोन्हींखाली वेगवेगळी रेघ मार.

खरी गंमत नावापुढच्या कंसात आहे: (लिनियस, 1758), म्हणजे नाव देणारा शास्त्रज्ञ आणि नाव दिल्याचं वर्ष. कंस उगाच नाही. लिनियसने वाघाला मांजराच्या फेलिस प्रजातीत बसवलं होतं, नंतर तो पँथेरात गेला. नाव देणाऱ्याचं श्रेय राहिलं, पण घर बदलल्याची खूण म्हणून कंस आला. आंब्याच्या मँजिफेरा इंडिकापुढे लिनियसचं नाव बिनकंसाचं दिसेल, कारण आंबा अजून त्याच प्रजातीत आहे.

जुन्या पुस्तकात बाभूळ अ‍ॅकेशिया निलोटिका आणि नव्यात वॅचेलिया निलोटिका दिसली तर गोंधळू नकोस. डीएनए तपासल्यावर अ‍ॅकेशिया ही मोठी प्रजाती फुटली. निलोटिका मात्र तसंच राहिलं. शोधताना तोच धागा धर.