वाचकांचे प्रश्न : पाहुणे नेमके कधी परतले?

प्रश्न : आमच्या परसात दसऱ्याच्या सुमारास थिरथिरा येतो आणि उन्हाळा तापला की दिसेनासा होतो. तो गेल्याची तारीख नेमकी कशी ठरवायची? – एक वाचक, बार्शी

उत्तर : येण्याची तारीख सोपी, पक्षी दिसला की लिहिली. जाण्याची तारीख मात्र पक्षी नसतानाच्या नोंदींवरूनच ठरते, आणि बहुतेकांच्या वह्या तिथेच कमी पडतात. थिरथिरा दिसला तरच वही उघडायची असे केले, तर शेवटची नोंद समजा २० मार्चची राहते. त्यानंतर पक्षी गेला की तुमचे पाहणे थांबले, हे कळायला काही मार्गच उरत नाही.

१ मार्चपासून एप्रिल संपेपर्यंत आठवड्यातून दोनदा, त्याच वाटेने, उजाडल्यानंतरच्या पहिल्या तासात फेरी मारा. फेरी किमान १५ मिनिटांची, जमल्यास अर्ध्या तासाची. ओळखू आलेला प्रत्येक पक्षी संख्येसह लिहा, अगदी कावळे-साळुंक्याही. म्हणजे यादीत थिरथिरा नसेल, तर तो शोधूनही दिसला नाही असा त्याचा अर्थ लागतो. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना ओळखलेले सगळे पक्षी नोंदवलेत का, असे विचारतात ते याचसाठी. शेवटच्या दर्शनानंतर निदान तीन आठवडे फेऱ्या सोडू नका. वहीत दोन तारखा लिहा : शेवटचा दिसला ती, आणि त्यापुढच्या फेरीची, म्हणजे पहिल्यांदा दिसला नाही ती. पक्षी या दोन तारखांच्या मध्ये कधीतरी गेलेला असतो.

ओळखीत घोटाळा झाला तर सगळी मेहनत फुकट. थिरथिऱ्याची आणि चिरकाची मादी दोन्ही तपकिरी दिसतात. चिरक शेपटी उभारून धरतो, ती काळसर असते आणि तांबूस रंग फक्त तिच्याखाली दिसतो. थिरथिऱ्याची शेपटी बाजूंनी विटकरी असते आणि बसल्या जागी सारखी थरथरते. चिरक बारमाही आपल्याकडेच राहतो. त्याला थिरथिरा समजलात, तर पाहुणा मे महिन्यातही मुक्कामाला असल्याचे दिसेल. धोब्यांचेही तसेच. काळे डोके आणि फक्त पांढरी भुवई असलेला मोठा धोबी इथलाच. कपाळ आणि चेहरा पांढरा असलेला तो हिवाळी पाहुणा.

प्रश्न : पांगाऱ्यावर बसणाऱ्या भोरड्या मार्चमध्ये जास्त गुलाबी का दिसतात? मोठा थवा मोजायचा कसा? – एक वाचक, परभणी

उत्तर : नवीन पिसांची टोके मळकट तपकिरी असतात. हिवाळाभर ती झिजत जातात आणि खालचा गुलाबी रंग उघडा पडतो. म्हणजे मध्य आशियात विणीला पोचेपर्यंत नर ऐन रंगात आलेला असतो.

मोजणी रातथाऱ्यावर, म्हणजे थवा रात्री मुक्कामाला जमतो त्या जागी, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून करा. थव्यातले ५० पक्षी एकेक करून मोजा, तेवढी जागा नजरेत पक्की करा आणि तो ठोकळा उरलेल्या थव्यावर किती वेळा बसतो ते पाहा. घिरट्या घालणारा थवा मोजू नका, तेच पक्षी दोनदा धरले जातात. रातथाऱ्याकडे येणारे मोजा. फोटो काढून घरी पडताळा घेतलात तर उत्तम. दाट थव्यात नजरेचा अंदाज बहुधा कमीच भरतो.

प्रश्न : मेअखेरीस काळ्या-निळ्या पट्ट्यांची फुलपाखरे एकाच दिशेने जाताना दिसली. हे स्थलांतरच का? – एक वाचक, आजरा

उत्तर : शक्यता चांगली आहे. टायगर आणि क्रो गटातली फुलपाखरे पावसाळ्याआधी सह्याद्रीतून पूर्वेकडच्या मैदानांत उतरतात आणि पावसाळ्यानंतर परततात, हे दक्षिण भारतात नीट नोंदले गेले आहे. स्थलांतर करणारे फुलपाखरू फुलावर रेंगाळत नाही; घर आडवे आले तर वळसा न घालता वरून जाते आणि पुन्हा तीच दिशा धरते. खुळखुळ्याच्या किंवा भुरुंडीच्या वाळक्या झाडावर शेकडो दिसली, तर तेवढ्यावरून स्थलांतर म्हणू नका. नर तिथे विणीसाठी लागणारी रसायने गोळा करायला जमतात.

मोकळ्या जागी एक झाड आणि एक खांब अशा २० मीटरवरच्या दोन खुणा ठरवा. ती रेषा ओलांडणारी फुलपाखरे ५ मिनिटे मोजा. दर तासाला एकदा, सकाळी नऊ ते चार. उलट जाणारीही वेगळ्या रकान्यात मोजा, त्याशिवाय एकूण ओघ कळत नाही. उडताना ब्लू टायगर आणि डार्क ब्लू टायगर वेगळे ओळखणे अवघड. खात्री नसेल तर 'टायगर गट' एवढेच लिहा.

दिशा मोबाइलच्या होकायंत्राने घेत असाल, तर चुंबकाचे कव्हर आधी काढा. फुलपाखरे जिकडे जातात ती त्यांची दिशा, पण वाऱ्याची दिशा तो जिकडून येतो ती. पूर्वेला जाणारी फुलपाखरे आणि पश्चिमेचा वारा, म्हणजे वारा पाठीवर. वहीत हे दोन रकाने शब्दांत लिहा : 'कुठे चालली' आणि 'वारा कुठून'.