म्हातारपणी घर गहाण ठेवावं का?

प्रश्न: माझं वय 69, यजमानांचं 74. डोंबिवलीत 1993 साली घेतलेला फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. आज साठ लाखांना जाईल. ते खासगी कारखान्यात होते, ईपीएसची पेन्शन 2,400 रुपये. बाकी एफडीच्या व्याजावर. औषधांचा खर्च भागत नाही. मुलगा बंगळुरूला असतो, त्याच्याकडे मागायला जीवावर येतं. मी रिव्हर्स मॉर्गेजचं, म्हणजे घर गहाण ठेवून बँकेकडून दरमहा पैसे घेण्याच्या योजनेचं, नाव काढलं तर यजमान म्हणाले, "हप्ते फेडून सोडवलेलं घर पुन्हा गहाण टाकणार नाही. बँकेनं बाहेर काढलं तर?"
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, बँकेच्या कर्ज विभागात असताना यजमानांचा हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. गहाण टाकलेली जमीन सावकाराच्या घशात गेल्याचं ज्यांनी लहानपणी पाहिलं, त्यांना धास्ती वाटणारच. पण नॅशनल हाउसिंग बँकेनं या योजनेचे नियम आखले ते नेमकं हे ध्यानात घेऊन. दोघांपैकी शेवटची व्यक्ती हयात असून त्या घरात राहते आहे, तोवर कर्ज परत मागितलं जात नाही. हप्ता तुम्ही भरायचा नसतो, बँक तुम्हाला देते. ही रक्कम कर्जाची असल्यानं तिच्यावर आयकरही नाही. मालमत्ता कर, घराचा विमा आणि डागडुजी मात्र तुमच्याकडेच राहते.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. फ्लॅट एकट्या यजमानांच्या नावावर आहे. कर्जही त्यांच्या एकट्याच्या नावावर घेतलं, तर त्यांच्या पश्चात ते लगेच वसुलीला येईल. तुम्ही सहकर्जदार असायलाच हव्यात. पती-पत्नींपैकी एकाचं वय 60 च्या वर आणि दुसऱ्याचं किमान 55 असलं की एकत्र अर्ज करता येतो. सहकर्जदार म्हणून तुमचं नाव नसेल, तर सही करू देऊ नका.

आता व्याज. समजा 10 टक्के दरानं दरमहा 10,000 रुपये 15 वर्षं घेतले. तुमच्या हातात 18 लाख येतील आणि कर्ज मात्र चक्रवाढीनं 41 लाखांवर गेलेलं असेल. तेव्हा तुम्ही 84 वर्षांच्या असाल. मुदत संपल्यावर महिन्याचे पैसे थांबतात. घर सोडावं लागत नाही, पण औषधं तेव्हाही लागणारच, आणि व्याजही चढत राहणार. म्हणून एफडी मोडून खाऊ नका, ती त्या दिवसांसाठी ठेवा.

हा 41 लाखांचा हिशेब मुलालाही दाखवा. त्याची परवानगी लागत नाही, घर तुमचं आहे. पण तुमच्या पश्चात कर्ज फेडून घर ठेवण्याचा पहिला हक्क वारसांचा असतो. त्यानं ते नाही घेतलं, तर बँक घर विकून आपली रक्कम वळती करते आणि उरलेले पैसे वारसांना देते. विक्रीतून कमी आले, तरी तो फरक वारसांकडून वसूल होत नाही. हिशेब समोर आल्यावर तो कदाचित म्हणेल, "आई, ते दहा हजार मीच पाठवतो." तसं झालं तर सगळं व्याज वाचेल, आणि मला विचाराल तर हाच मार्ग उत्तम. जीवावर येत असलं तरी एकदा बोला.

बँकेत जाण्यापूर्वी सोसायटीत चौकशी करा. इमारतीचं आयुष्य अजून किमान 20 वर्षं असावं, अशी अपेक्षा असते. तुमची इमारत 1993 ची; पुनर्विकासाची बोलणी सुरू असतील तर बँक हात आखडता घेऊ शकते. शेअर सर्टिफिकेट, मूळ करारनामा आणि कर भरल्याच्या पावत्या एका फाइलला लावून ठेवा.

आणि यजमानांना एवढं नक्की सांगा: सह्या झाल्यावरही तीन कामकाजाच्या दिवसांत व्यवहार रद्द करता येतो. पुढे कधी पैसे हाती आले, तर मुदतीआधी कर्ज फेडायला दंड नाही.