सेमिनरीत जाण्याआधी

पाळक (चर्चचा धर्मगुरू) होण्यासाठी देवाचं पाचारण, म्हणजे बोलावणं, झालंय असं तुला आतून वाटतंय, हे मी मनापासून मानतो. तरी सेमिनरीचा, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाचा, अर्ज भरण्याआधी निदान वर्षभर आपल्या मंडळीत (चर्चमध्ये) काम कर. आजाऱ्यांना भेट, अंत्यविधीला पाळकांसोबत उभा राहा. बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ३ऱ्या अध्यायात अध्यक्षाचे, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्याचे, गुण दिलेत. त्यात शिकवण्याचं कौशल्य एकच, बाकी बहुतेक सगळं स्वभाव आणि घर यांबद्दल. ते तुझ्यात आहेत का, हे तुला ओळखणारी माणसंच सांगतील. लग्न झालं असेल तर बायकोशी आधी बोल. तिचं मन नसेल तर थांब.

आत गेल्यावर पहिला घाम बायबलच्या मूळ भाषा काढतात. हिब्रू उजवीकडून डावीकडे, अक्षरं २२, आणि क्रियापदांची रूपं संपता संपत नाहीत. रोज थोडं मोठ्याने वाच, परीक्षेच्या आदल्या रात्री बसून ती येत नाही.

खरी अडचण वेगळीच. शास्त्र दिवसभर अभ्यासाचा विषय झालं की प्रार्थना सुकायला लागते. म्हणून निबंधासाठी वाचायचं स्तोत्र वेगळं, स्वतःसाठीचं वेगळं ठेव. वर्गातल्या एखाद्या तासाने विश्वास हलला तर गप्प राहू नकोस, जवळच्या प्राध्यापकांना गाठ. फीसाठी कर्ज मात्र शक्यतो काढू नकोस. पाळकाच्या पगारातून ते फेडणं जड जातं.