तेल घरी बदलले म्हणून वॉरंटी जाते का?

प्रश्न : माझी 150 सीसीची मोटारसायकल 14 महिन्यांची आहे. मोफत सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच केले. त्यानंतर एकदा इंजिन ऑइल मात्र मी घरी बदलले. आता पुढच्या शॉकअपच्या सीलमधून तेल गळते आहे. केंद्रातले सुपरवायझर म्हणतात, "बाहेरचा पाना लागला, वॉरंटी संपली." हे बरोबर आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : इंजिनातले तेल आणि शॉकअपमधले तेल यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. त्यामुळे इंजिन ऑइल बदलल्याने सील गेले, हे म्हणणे टिकणारे नाही. बाजारातील स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात, ग्राहकाने बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, चुकीच्या कामामुळे जेवढा बिघाड झाला तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, अशी भूमिका घेतली होती. ते प्रकरण चारचाकींचे होते आणि पुढे अपिलात गेले, तेव्हा त्याचे कात्रण काउंटरवर आपटून काम होईल असे समजू नका. पण युक्तिवाद म्हणून तो मुद्दा भक्कम आहे.

खरी अडचण दुसरीकडे असू शकते. पुस्तिकेतील अटी वाचा. सील, ब्रेक शू यांसारखे झिजणारे भाग वॉरंटीतून वगळलेले असतात का, हे आधी पाहा. तसे असेल तर तेलाचा वाद व्यर्थ आहे. ठरावीक किलोमीटरनंतरचे सशुल्क सर्व्हिसिंग केंद्रातच करण्याची अट असेल आणि ते चुकले असेल, तर इंजिनाबाबतची तुमची बाजू कच्ची राहील.

तेलाचे बिल ठेवले आहे ना? मोटारसायकलचा क्लच तेलातच बुडालेला असल्याने चारचाकीचे तेल घातले तर तो घसरू शकतो; म्हणून पुस्तिकेत सांगितलेलाच दर्जा वापरल्याचा पुरावा हवा. इंजिनातले तेल काढण्याचा ड्रेन बोल्ट अती आवळून अ‍ॅल्युमिनियमच्या केसचे आटे गेले, तर मात्र तो खर्च तुमच्याच माथी, आणि तो न्याय्यही आहे.

आता केंद्राकडून नकाराचे कारण जॉब कार्डवर किंवा ईमेलने लेखी मागा. तोंडी धाडसाने बोलणारी माणसे लिहिताना बरीच मवाळ होतात, असा माझा अनुभव आहे. गळतीची, शॉकअपच्या ओल्या पाइपची छायाचित्रे किलोमीटरच्या आकड्यासह काढून ठेवा. उत्तर पटले नाही, तर कंपनीच्या ग्राहक विभागाला लिहा, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तरीही न मिटल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग तो भाग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून सील बाहेर बदलून घेतलेत तरी जुने सील फेकू नका.