सही कुणाची?

प्रिय मुली,

शनिवारी तू ऑफिसात आलीस, दिल्लीचं, सुप्रीम कोर्टातल्या न्यायमूर्तींकडे फायली वाचून टिपणं काढणाऱ्या लॉ क्लर्कच्या जागेचं निवडपत्र टेबलावर ठेवलंस आणि पाऊण तास मानधन, तिथलं घरभाडं, आईचा गुडघा, वयाची अट असं सगळं बोललीस. मग दारात थांबून विचारलंस, "मॅडम, जाऊ का?" मी "बघू" म्हणाले. पक्षकार बसले होते. शिवाय तोंडावर बोलले असते तर चिडून बोलले असते. म्हणून लिहितेय, तरी चिडचिड पुरती गेलेली नाही, ती अधूनमधून दिसेल.

त्या पाऊण तासात एक वाक्य मी शोधत होते, ते आलंच नाही. तुला तिथं जाऊन काय करायचंय, हे तू बोलली नाहीस. काय मिळेल तेवढंच बोललीस.

आधी हिशोबाचं उरकू. मानधनाचा आकडा तू तीनदा सांगितलास. २०२४च्या जाहिरातीत महिना ८०,००० होतं, ते मलाही माहीत आहे. सोलापुरात सहा वर्षांच्या वकिलाला दर महिन्याला ठरलेल्या तारखेला एवढे पैसे मिळत नाहीत, तेही माहीत आहे. वयाची अट बत्तिशीच्या आतली, तू एकतिसाची, म्हणून "आता नाही तर कधीच नाही" असं तुला वाटतंय. बाई, एखादं दार बंद होतंय म्हणून त्यातून घाईनं आत शिरायचं, हे कारण होत नाही.

परीक्षेचा मुद्दाही सोड. सुप्रीम कोर्टाच्या २० मे २०२५च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली आणि लॉ क्लर्क म्हणून केलेलं काम त्यात धरायचं ठरलं, हे तू उत्साहाने सांगितलंस. पण तुझी वकिलीच सहा वर्षांची आहे. तुला त्याचा उपयोग काय? जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला सात वर्षं लागतात आणि वय किमान पस्तीस, म्हणजे तिथंही अजून चार वर्षं हातात आहेत. तेव्हा हा मुद्दा जा असंही सांगत नाही आणि थांब असंही सांगत नाही. बाजूला ठेव.

अमेरिकेत लोक दोन-दोन क्लर्कशिप करतात, असंही म्हणालीस. करतात. १८८२ साली होरेस ग्रे या न्यायमूर्तींनी स्वतःच्या खिशातून पगार देऊन तिथल्या सुप्रीम कोर्टात ही पद्धत आणली, आज तिथं तिचा मोठा मान आहे. पण तिथली मुलं बहुतेक करून आधी खालच्या कोर्टात एक वर्ष, मग अपील कोर्टात एक वर्ष, असं चढत जातात, आणि तेही वकिलीच्या सुरुवातीला. तू सहा वर्षं साक्षीदार तपासलेली बाई आहेस. तुझी बरोबरी त्यांच्याशी कशाला?

आता मूळ गोष्ट. मी एकच प्रश्न विचारते, ऑफिसात सगळ्यांना विचारते, तुला पाठ आहे. कागदावर सही कुणाची?

क्लर्क कितीही उत्तम टिपण लिहो, निकालाखाली सही न्यायमूर्तींचीच असते. तशीच असायला हवी. त्यात कुणावर अन्याय नाही. चोविसाव्या वर्षी दुसऱ्याच्या सहीखाली काम करण्यात शहाणपण आहे, कारण आपल्या सहीला अजून वजनच नसतं. तुझं हायकोर्टातलं क्लर्कचं वर्ष असंच सोन्याचं होतं. याचिका उघडल्यावर न्यायमूर्ती आधी तारखांची यादी बघतात, मग खालच्या कोर्टाचा आदेश, आणि आपण रात्र जागून लिहिलेले आधाराचे मुद्दे कधीकधी बघतही नाहीत, हे तुला त्या खुर्चीमागे उभं राहूनच कळलं. म्हणून तर तुझा मसुदा माझ्यापेक्षा आखूड असतो. पण ते एकदा कळलं की कळलं. दिल्लीत, प्रकरण ऐकायला घ्यायचं की नाही हे जिथं ठरतं त्या सोमवार-शुक्रवारच्या सुनावणीसाठी तू ढीगभर फायलींची पान-दीड पानांची टिपणं काढशील. दुसऱ्यांदा काढताना हात जास्त सराईत चालेल. डोळा तोच राहील.

हे मला कसं माहीत? मी केलंय ना.

२००१ साली मी दिल्लीत एक वर्ष काढलं, ते तुला माहीत आहे, मीच मिरवत असते. २००९ साली परत गेले, ते मी फारसं कुणाला सांगत नाही. विचारलं कुणी तर "अभ्यासासाठी गेले होते" म्हणते. बत्तीस वर्षांची होते, सात वर्षांची वकिली होती, आणि त्याच वर्षी मी एक दावा हरले होते.

बार्शीकडची एक म्हातारी होती. दिराने दोन एकर बळकावलेली. तिने मूळ वाटणीपत्र खणात गुंडाळून आणलं होतं. मी ते यादीसोबत दाखल केलं आणि शाबीत करायला साक्षीदार बोलवायचा राहून गेला. राहून गेला म्हणजे काय, मी विसरले. कागदावर निशाणी, म्हणजे पुरावा म्हणून घेतल्याचा क्रमांक, पडली नाही. निकालात एक ओळ होती: दस्त शाबीत झालेला नाही. दावा खर्चासह रद्द. म्हातारीला मी निकाल वाचून दाखवला, तिला निशाणी म्हणजे काय ते कळेना, आणि ते समजावून सांगण्याचं धैर्य मला झालं नाही. अपिलाला तीस दिवस होते. बाविसाव्या दिवशी दिल्लीहून ओळखीच्या न्यायमूर्तींकडे जागा असल्याचा निरोप आला. मी त्याच आठवड्यात होकार कळवला.

म्हातारीची फाइल मी बारमधल्या एका वकिलाला दिली. ज्यांच्या इंग्रजीला आम्ही हसायचो, त्यांना. त्यांनी मुदतीत अपील केलं, अपिलात नवा पुरावा देण्यासाठी आदेश ४१ नियम २७ खाली अर्ज दिला, साक्षीदार तपासायची परवानगी मिळवली, वाटणीपत्रावर निशाणी पाडून घेतली आणि अपील जिंकलं. मी तेव्हा दिल्लीत पुराव्याच्या कायद्यावर सुंदर टिपणं लिहीत होते. वकालतनाम्यावर, म्हणजे पक्षकाराने वकील नेमल्याच्या कागदावर, सही त्यांची होती. म्हातारी मेली तेव्हा तिच्या मुलाने त्यांना कळवलं, मला नाही. का कळवावं?

परत आले तर माझे निम्मे पक्षकार पांगलेले. पक्षकार वाट बघत नसतो गं, त्याची तारीख असते. घडी बसायला तीन वर्षं गेली.

म्हणजे ते वर्ष फुकट गेलं का? असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. आज दुसऱ्या अपिलात, जे हायकोर्टात फक्त कायद्याच्या मुद्द्यावर चालतं, कायद्याचा सारभूत प्रश्न दोन ओळींत बांधता येतो, तो त्या वर्षाने शिकवला. कदाचित पहिल्याच वर्षाने शिकवला असेल आणि मी दुसऱ्याच्या खात्यावर मांडत असेन. माणूस खर्च केलेल्या वर्षाचा हिशोब कुठेतरी जुळवतोच. माझ्या या वाक्यांवर जरा कमी विश्वास ठेव.

म्हणून तुला विचारते, मागच्या महिन्यात पंढरपूरच्या उलटतपासात तो तलाठी तुझ्यावर उलटला, कोर्टात लोक हसले, त्यानंतर किती दिवसांनी तू दिल्लीचा विचार पक्का केलास? मला उत्तर नको. तुझं तू मोज. पळून जायला दिल्लीइतकी प्रतिष्ठित जागा दुसरी नाही. लोक पेढे देतात.

आणि कुठली वेळ निवडलीस! १८ ऑगस्ट २०२५ला मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं. चाळीस वर्षांहून जास्त काळ या भागातल्या वकिलांनी मोर्चे काढले, कामकाज बंद ठेवलं, त्या मागणीचं फळ आहे ते. मी आयुष्यभर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरायचं, लोकलमध्ये गळ्यातले वकिली बँड सांभाळायचे आणि "आज बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या यादीत, आलं नाही" ऐकून परत फिरायचं, असं हायकोर्ट केलं. तुला ते चार-पाच तासांच्या रस्त्यावर आलंय. सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथं चाललीत, आणि तिथला बार अजून नवा आहे. कोण कोणत्या कामात चांगला, हे लोकांच्या मनात आत्ता ठरतंय. अशा वेळी तू दुसऱ्याच्या सहीची टिपणं लिहायला जाणार?

थांब. इथं तू मनात म्हणशील, मॅडमचा स्वार्थ आहे. आहे. कोल्हापूरची माझी सगळी कामं तू बघतेस. तू गेलीस तर मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी परत प्रवास सुरू करावा लागेल, आणि माझी पाठ आता तशी राहिलेली नाही.

दुसरंही म्हणशील, ते जास्त टोचणारं आहे. काल रात्री हे पत्र अर्धं लिहून मी त्या जमिनीच्या दुसऱ्या अपिलाची फाइल काढली. मसुदा पहिल्या ओळीपासून तुझा. सारभूत प्रश्न तू बांधलेले. शेवटच्या पानावर सही माझी, वकालतनाम्यावर नाव माझं एकटीचं. पक्षकार माझ्या नावाने येतो, फी माझ्या नावाने ठरते, ऑफिसची रीतच आहे, माझ्या सिनिअरांनीही माझ्याशी हेच केलं, अशी चार उत्तरं मी लगेच तयार केली. चारही उत्तरं न्यायमूर्तींपुढे टिकली नसती.

तेव्हा असं. जायचंच ठरवलंस तर त्या न्यायमूर्तींची निवृत्ती कधी आहे ते आधी बघ. पासष्टीला ती होते, आणि मध्येच झाली तर उरलेले महिने तू कुणाकडे, हे लेखी विचार. सनदेचं काय करायचं ते बार कौन्सिलला विचारूनच कर. आणि हातातली फाइल कुणाला देतेस ते तू स्वतः पक्षकाराच्या घरी जाऊन सांग. फोनवर नाही.

राहायचं ठरवलंस तर सोबत कोरा वकालतनामा आहे. त्या अपिलाच्या पक्षकाराशी मी सकाळी बोलले. तो जरा कुरकुरला, मग हो म्हणाला. बुधवारी ते बोर्डावर आहे. मी येणार नाही.

तुझी,
मॅडम

ता. क. त्या तलाठ्याची पुढची तारीख एकोणीस आहे. फेरफार नोंदवहीची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेव, या वेळी ती त्याच्या हातात देऊनच पहिला प्रश्न विचार.