त्रुटी सापडली की तिथेच थांबा
सुरक्षेच्या त्रुटी शोधायला शिकताना एखाद्या संकेतस्थळाच्या पत्त्यातील पावतीचा क्रमांक 1 ने वाढवल्यावर समोर दुसऱ्याच ग्राहकाचे नाव आणि मोबाइल क्रमांक दिसला, तर त्रुटी सिद्ध झाली, तिथेच थांबा. आणखी शंभर पावत्या उतरवून घेतल्याने पुरावा बळकट होत नाही, उलट माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 नुसार मालकाच्या परवानगीविना केलेल्या अशा कृत्याबद्दल भरपाई द्यावी लागू शकते आणि हेतू अप्रामाणिक ठरल्यास कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. ‘मी फक्त पाहत होतो’ ही सबब मला कधीच पटलेली नाही, कारण ज्याची माहिती उघडी पडली त्याला कोणी विचारलेलेच नसते. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे 94 कोटी रुपये लंपास झाले, तेव्हा वापरलेले कौशल्य तुम्ही आज शिकत आहात त्याच जातीचे होते, हे नीट ध्यानात घ्या. सराव स्वतःच्या संगणकावरील व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभारलेल्या वेगळ्या आभासी संगणकावर करा. सापडलेली त्रुटी संबंधित संस्थेला किंवा सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला लेखी कळवा, ती पुन्हा कशी दिसेल याच्या पायऱ्या द्या, इतरांची माहिती झाकूनच स्क्रीनशॉट जोडा आणि दुरुस्तीसाठी पुरेसा वेळ द्या. पैसे न दिल्यास जाहीर करीन असे लिहिणे ही सरळसरळ खंडणी आहे.