गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या सरकारी प्राथमिक शाळेत आठवड्यातून एक सकाळ मुलांसाठी द्यायची आहे, सुरुवात कुठून करू?

आधी मुख्याध्यापकांना भेटा, मग त्यांच्या सल्ल्याने तालुक्याच्या भागशिक्षणाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या. परवानगीशिवाय वर्गात जाऊ नका, मुलांचे फोटोही काढू नका. पालक-शिक्षक संघाशी ओळख करून घेतलीत तर पुढचं सोपं जातं.

गावातल्या अनेक शाळा एकशिक्षकी आहेत. पहिली ते चौथी एकाच खोलीत, एकच बाई. त्या पहिलीला अक्षरं गिरवून घेत असतात तेव्हा चौथीची मुलं नुसती बसून असतात. तिथे तुमची खरी गरज आहे. चौघा-पाचांना घेऊन बाहेर सोप्यावर बसा, गोष्ट मोठ्याने वाचा, मग एकेकाला वाचू द्या. अडखळलं तर लगेच शब्द सांगू नका, थोडं थांबा. हातचा घेताना अडणाऱ्यांना चिंचोके द्या, दहाची रास करायला लावा.

मुलं घरी कोकणी बोलतात, पुस्तक मराठी असतं. उत्तर कोकणीत आलं तरी ते उत्तरच आहे, टोकू नका.

आणि कृपा करून एका महिन्यासाठी जाऊ नका. निदान एक सत्र तरी द्या. ठरलेल्या दिवशी मुलं खरंच वाट बघतात.